वरची ओळ

रविवार, ८ नोव्हेंबर १९९८. स्थळ: पनवेल, उरण नाक्यावरचं मामाचं दुकान. हजर: मामी, मामाचा मुलगा श्रीकांत, करंजाड्याच्या भजनी मंडळाचे नामा पाटील आणि मी. काम: दुकान रिकामं करणे.

असं लिहायची मला सवय आहे. एका सरकारी कचेरीच्या भांडारात माझं निम्मं आयुष्य गेलं, आणि तिथे तारीख आणि हजर माणसं लिहिल्याशिवाय कपाटाचं कुलूपसुद्धा उघडत नाही. मामा त्यावरून मला फार चिडवायचा. “मंदे, मी मेल्यावर रडण्याआधी तू हजेरी घेशील,” म्हणायचा. घेतली... श्रीकांतचा फोन आला तो भांडारातच. “मंदाताई, बाबा गेले. जेवून आडवे झाले होते, आई चहाला उठवायला गेली तर...” मी फोन खाली ठेवला. समोर एक शिपाई कार्बन पेपरचे डबे न्यायला उभा होता. त्याला डबे मोजून दिले, सही घेतली, आणि मग उठले. हे मी कौतुकाने सांगत नाहीये.

पनवेलमध्ये मामाला अण्णा पेटीवाले म्हणत. बाजाची पेटी, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्त करणं आणि विकणं हा त्याचा धंदा. दुकान एवढंसं, पुढे एक काचेचं कपाट, त्यात टाळ, घुंगरू, बासऱ्या, माउथ ऑर्गन, मागे एक लाकडी बाक, त्यावर कानशी, चिमटे, सरसाचं भांडं. पनवेलपासून उरणपर्यंतच्या गावांतली भजनी मंडळं त्याच्याकडे पेट्या आणत. त्याचा कान तयार होता आणि तो तयार आहे हे तो कुणाला विसरू देत नसे. गिऱ्हाइकाने पेटी बाकावर ठेवली की त्याने तोंड उघडायच्या आत मामा एक पट्टी दाबायचा आणि सांगायचा, “पावसात ठेवलीत. आणि वाजवणारा उजव्या हाताने भाता ओढतो, कपाळावर आठ्या घालून.” माणूस चकित व्हायचा. मामा मग माझ्याकडे बघून डोळे मिचकावायचा. आई मला लहानपणापासून सुटीच्या दिवशी त्याच्याकडे पाठवायची. पुढे नोकरी लागल्यावरही रविवारी सकाळी मी दुकानात जायची, त्याचा सामान-सुमानाचा हिशेब लावायची, त्याची पत्रं लिहायची. त्याचं अक्षर त्यालाच लागत नसे.

तो गेल्यावर पंधरा दिवसांनी टाळकरी मंडळींनी मिळून शोकसभा घेतली. चार-पाच जण बोलले. सगळ्यांनी एकच गोष्ट सांगितली. अण्णा म्हणजे एवढा मोठा कारागीर, पण अखेरच्या आठ-नऊ वर्षांत काय नम्रता आली होती त्यांच्यात! पेटी हातात घेण्याआधी गिऱ्हाइकाला विचारायचे, ही आधी कशी वाजायची, मला जरा वाजवून दाखवा. ज्याला सगळं कळतं तोच असं विचारतो, असं एक गृहस्थ म्हणाले आणि लोकांनी माना डोलावल्या. मी मान खाली घालून बसले होते. शेजारच्या बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला, त्यांना वाटलं मी रडतेय. मला रडू येत नव्हतं. मला लाज वाटत होती. कारण ती नम्रता नव्हती, आणि ती कुठून आली हे त्या सभेत फक्त मला माहीत होतं.

१९८९ च्या श्रावणात दीनाबाई दुकानात आल्या. आमच्या पनवेलमध्ये तेव्हा बेने इस्रायली, म्हणजे इथल्या मराठी ज्यू लोकांची थोडीच घरं उरली होती. एकेक कुटुंब इस्रायलला निघून जात होतं. दीनाबाईंनी लग्न केलं नव्हतं. शाळेत त्या आम्हाला शिवण शिकवायच्या. उलटी टीप घातली की त्या रागवत नसत, नुसतं उसवून परत हातात देत. आता त्या निवृत्त होत्या, एकट्या होत्या, आणि भाच्याने त्यांना तिकडे बोलावून घेतलं होतं. घरातलं एकेक सामान त्या विकत होत्या. मामासमोर त्यांनी एक चामड्याची डबी ठेवली, सहा कोनांची. आतून निघालं ते वाद्य मी आधी कधी पाहिलं नव्हतं. दोन्ही बाजूंना नक्षी कापलेल्या लाकडी फळ्या, त्यांवर हस्तिदंतासारखी दिसणारी बारीक बटणं तीन-तीन ओळींत, आणि मध्ये कागदी कंदिलासारखा घड्यांचा भाता. दोन्ही हातांत धरून, छातीशी घेऊन वाजवायचं. भाता दोन ठिकाणी फाटला होता, काही बटणं आत गेली होती, एका फळीला चीर होती.

“कॉन्सर्टिना म्हणतात,” दीनाबाई म्हणाल्या. “बाबा गोदीत कारकून होते. एका खलाशाकडून घेतलेली. शनिवारी आमच्यात काही वाजवत नाहीत, पण संध्याकाळी तारे दिसले की सब्बाथ सुटायचा, आणि बाबा ही डबी खाली काढायचे. दर शनिवारी एकच चाल आधी. मग बाकीचं.”

“तुम्हाला येते ती चाल?” मामाने विचारलं.

“तेवढी एकच येते. बोटांना येते, मला नाही.”

त्या वाद्य विकायलाच आल्या होत्या, पण त्यांची एक अट होती. मामाने ते घ्यावं, दुरुस्त करावं, आणि त्या जाण्याआधी एकदा त्यांच्या हातात द्यावं. ती चाल वाजली तर त्या दुरुस्तीसकट किंमत देऊन ते परत घेतील आणि बरोबर नेतील. भाच्याने जुनं सामान आणू नकोस म्हणून बजावलं होतं, पण वाजणारी पेटी दाखवली तर तो काही बोलणार नाही, असं त्यांचं म्हणणं. नाही वाजली तर मामाने खुशाल विकावी. “मुकं लाकूड नेऊन काय करू? इथे कुणाच्या तरी हातात राहील,” त्या म्हणाल्या. व्यवहार ठरला. दारातून बाहेर पडता पडता त्या थांबल्या. “अण्णा, एक सांगायचं राहिलं. हिचं बटण तेच असलं तरी दाबताना एक बोलते आणि ओढताना दुसरं.”

“कळलं,” मामा म्हणाला. “काळजी करू नका. सगळं सरळ करून देतो.”

त्या हसून गेल्या. मी तिथेच होते, सरसाच्या डब्यांवर तारखा घालत. मी ते वाक्य ऐकलं, आणि मलाही ती तक्रारच वाटली. घड्याळ मागे पडतं, नळ गळतो, तशी.

पुढचे दीड-दोन महिने मामा त्या वाद्याच्या प्रेमात होता. भात्याच्या फाटलेल्या घड्यांना त्याने चपलांच्या कारागिराकडून बकरीचं मऊ कातडं आणून लावलं, इतकं बेमालूम की जोड नखाला लागत नसे. बटणांखालच्या गंजलेल्या तारा काढून शाईच्या पेनातल्या स्प्रिंगा कापून बसवल्या. फळीची चीर भरली. त्या दोन महिन्यांत दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला त्याने ते दाखवलं. नामा पाटील म्हणाले, “अण्णा, ही पेटी हाय का मोदकपात्र?” तर मामा म्हणाला, “तुझ्या मंडळाच्या आवाजापेक्षा मोदकपात्र बरं, नामा.” मग भाता हवा धरायला लागला, आणि एका रविवारी मामाने मला बाकाशी बोलावलं. एक बटण दाबून त्याने भाता आत ढकलला, सूर आला. तेच बटण दाबून बाहेर ओढला, दुसरा सूर आला. “बघ,” तो म्हणाला, “बाई म्हणाल्या ते हेच. प्रत्येक बटणाला दोन पितळी जिभा आहेत, एक आत जाणाऱ्या हवेची, एक बाहेर येणाऱ्या हवेची. दोन्ही जुळलेल्या असायला हव्यात. हिच्या सगळ्या फाटल्यात.”

पेटीवाल्याच्या भाषेत सूर फाटणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. बाजाच्या पेटीत एका पट्टीखाली पितळेच्या दोन जिभा असतात आणि त्या दोघी मिळून एकच सूर बोलतात. त्यांच्यात केसाएवढा फरक पडला की कानाला थरथर जाणवते, आणि ती थरथर काढणं, कानशीने पितळ अगदी हलकं खरडून दोघींना एकजीव करणं, हे मामाचं आयुष्यभराचं काम. त्याच्यासारखं ते कुणी करत नसे. तेव्हा एका बटणाखाली दोन जिभा आणि दोन वेगळे सूर दिसल्यावर त्याच्या हातांना दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं. फरक मात्र केसाएवढा नव्हता. कुठे एका सुराचा होता, कुठे त्याहून जास्त. मामा क्षणभर थांबला होता, हे मला आठवतं. मग म्हणाला, “आधी कुणीतरी अडाण्याने हात मारलाय हिला. वाट लावलीय.” आणि कानस उचलली.

मी सगळ्याच्या याद्या करते. त्या वाद्याच्या खिळ्यांची, स्प्रिंगांची, कातड्याच्या तुकड्यांचीही यादी केली होती. पण कुठल्या बटणाला दाबताना कुठला सूर आणि ओढताना कुठला, हे मी लिहून ठेवलं नाही. मनात आलं होतं. पण चुकीचे सूर कशाला लिहायचे, असं वाटलं.

दीनाबाई आल्या त्या त्यांच्या नव्या वर्षाच्या सणानंतर, निघायला थोडे दिवस असताना. नारळाच्या दुधातला हलवा आणला होता, मामीला आवडतो म्हणून तिच्यासाठी वेगळा. पांढरी साडी, केस नीट बांधलेले. बहुतेक खास तयार होऊन आल्या असाव्यात. मामाने वाद्य पॉलिश करून पांढऱ्या फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं. त्यांनी ते हातात घेतलं, भाता उघडून एकदा रिकामा श्वास घेऊ दिला आणि त्यांचे डोळे भरून आले. मग खुर्चीत ताठ बसून त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

पहिले दोन सूर ठीक आले. मग त्यांनी भाता ओढला आणि चाल अडखळली. पुढे जायचं तिथे ती जागच्या जागीच उभी राहिली. त्यांनी थांबून परत सुरुवात केली. पुन्हा तिथेच तसंच. बोटं न चाचपडता, न बघता बटणांवर फिरत होती, एका वेगाने, इतकी सराईत की ते मला तेव्हाच दिसायला हवं होतं. विसरलेल्या माणसाची बोटं अशी फिरत नाहीत. तिसऱ्यांदा त्यांनी मध्येच सोडून दिलं. वाद्य मांडीवर ठेवून त्या आपल्या हातांकडे बघत राहिल्या.

“विसरले मी,” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं मोडकी पडली होती. मी समजत होते बोटांना येतं.”

मामाने त्यांच्या हातातून वाद्य घेतलं. एकेक बटण दाबून भाता आत-बाहेर केला. स्वच्छ, घोटीव सूर, जाताना तोच, येताना तोच. “पेटी आता अगदी सुरात आहे, दीनाबाई,” तो मायेने म्हणाला. त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो, आणि त्यात खरंच माया होती. “वयाने होतं असं. मनाला लावून घेऊ नका.”

“नाही, नाही. तुम्ही एवढं केलंत... माझ्यासाठी तुम्हाला फुकटची दगदग,” असं म्हणून त्यांनी मामाची माफी मागितली. त्यांनी, मामाची. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “मंदा, तुला सांगते, जे हातात आहे असं वाटतं ना, ते पण जातं.” जाताना त्यांनी डबीच्या झाकणावरून एकदा हात फिरवला आणि वाद्य दुकानात ठेवून त्या गेल्या. पुढच्या आठवड्यात त्या इस्रायलला निघाल्या. मी निरोप द्यायला गेले होते. त्यांच्या सामानात जागा होती.

डिसेंबरात फर्नांडिस नावाचे एक गृहस्थ आले. मुंबईत एका शाळेत संगीत शिकवायचे, दर नाताळला एसटीने गोव्याला जायचे. पनवेलला गाडी थांबली की पाय मोकळे करायला उतरत आणि मामाच्या काचेच्या कपाटात डोकावत. त्यांनी ते वाद्य पाहिलं आणि घासाघीस न करता तिथल्या तिथे घेतलं. गाडी सुटत होती, वाजवून बघायलाही वेळ नव्हता. मामा खूश होता. “बघितलंस? जाणकाराला एक नजर पुरते.” जानेवारीत परतताना फर्नांडिस पुन्हा उतरले. या वेळी गाडी सोडून दिली. डबी बाकावर ठेवली.

“अण्णा, ये क्या किया तुमने?”

“काय झालं?”

“दाबला तरी तोच, ओढला तरी तोच. ह्याचा अर्धा जीव मारून टाकला तुमी.” त्यांनी वाजवून दाखवलं. “एका बटणाचे दोन सूर पायजेत. तसाच बनतो हा.”

“असं कुठलं वाद्य असतं?” मामा म्हणाला. आवाज चढला होता. “चाळीस वर्षं जिभा घासतोय मी. दोन दिशांना दोन सूर म्हणजे बिघाड.”

फर्नांडिसांनी काचेच्या कपाटाकडे नुसतं बोट केलं. “तो काय ठेवलाय मग तिकडे? फुंकला की सा, ओढला की रे. तो पण बिघडलेला आहे?”

मामाने कपाट उघडलं. माउथ ऑर्गन काढला. गेली कित्येक वर्षं तो ते विकत होता; शाळेच्या सुट्या लागल्या की त्यांचीच विक्री जास्त. त्याने तोंडाला लावून एका भोकात फुंकलं. मग हवा आत ओढली. परत एकदा केलं. रुमालाने पुसून तो परत जागेवर ठेवला आणि कपाट लावून घेतलं. मग स्टुलावर बसला. फर्नांडिस भले माणूस. त्यांनी आणखी काही सुनावलं नाही. त्यांनीच सांगितलं की खालच्या दोन ओळी माउथ ऑर्गनच्या रिवाजाने लावता येतील, पण वरच्या ओळीचा काही नेम नसतो, ती प्रत्येक बनवणाऱ्याची वेगळी. “ती वाजवणाऱ्यालाच म्हायती.” मामाने पैसे परत देऊन वाद्य ठेवून घेतलं.

त्या संध्याकाळी शटर खाली ओढताना मामा मध्येच थांबला. “मंदे,” तो म्हणाला, “बाईंची बोटं बरोबर होती.”

मी त्याच दिवशी माझ्या कामांच्या यादीत लिहिलं: दीनाबाई – पत्र. पण मामा म्हणाला, नुसतं कसं कळवायचं, आधी नीट करू आणि मग कळवू. ऐकायला ते शहाणपणाचं वाटलं. मी कुठलंही काम दुसऱ्या दिवसावर टाकत नाही, पण हे टाकलं. कारण शिवणाच्या बाईंसमोर चुकलेली टीप घेऊन मलाही उभं राहायचं नव्हतं. कानशीने गेलेलं पितळ परत येत नाही. जिभेच्या टोकावर शिशाचा टिपूस देऊन सूर उतरवता येतो, मुळाशी खरवडून आणखी खाली नेता येतो, पण प्रत्येक वेळी जीभ जरा अशक्त होते. मामा माउथ ऑर्गन शेजारी ठेवून एकेक सूर लावत बसायचा. काही जिभा मोडल्या, त्या त्याने नव्या कापून घातल्या. गिऱ्हाईक आलं की वाद्यावर फडकं टाकायचा. खालच्या दोन ओळी लावायला त्याला काही वर्षं लागली. लागलेल्या प्रत्येक बटणाशेजारी त्याने कागदाची बारीक चिठ्ठी चिकटवली, दाबताना अमुक, ओढताना तमुक. वरची ओळ मात्र कुणालाच माहीत नव्हती. दीनाबाईंना सोडून.

म्हणजे वाद्य पुरं करायचं तर त्यांनाच विचारायला हवं. आणि त्यांना विचारायचं तर आधी सांगायला हवं. मामा या दोन वाक्यांच्या मध्ये जो अडकला तो अडकलाच.

त्यांचं कार्ड दरवर्षी यायचं, त्यांच्या नव्या वर्षाला, मराठीत. तिकडची थंडी, भाच्याची मुलं, तिथे मिळणारी कोथिंबीर. आणि शेवटी एक ओळ ठरलेली: बाबांची पेटी कुणाच्या हातात आहे, वाजते का? मामा सांगायचा, मी लिहायची: “पेटी चांगल्या हातांत आहे.” पहिल्या वर्षी मी पेन थांबवून त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, “माझ्याच हातात आहे ना? खोटं काय त्यात?” मी लिहिलं. पुढची सगळी वर्षं तेच लिहिलं, माझ्या वळणदार अक्षरात.

पेटी हातात घेण्याआधी गिऱ्हाइकाला विचारायची सवय त्याला तेव्हापासून लागली. नामा पाटील वैतागायचे. “अण्णा, तुला समदा म्हायीत हाय, मग आमाला कशाला इचारतोस? आमाला काय कळतंय?” मामा म्हणायचा, “तुझी पेटी आहे. तू वाजव, मी ऐकतो.” आणि नामा पाटील वाजवत असताना तो त्यांच्या सुरांकडे नाही, बोटांकडे बघत बसायचा. त्याची ती मिजास गेली, गिऱ्हाइकाला आधीच निदान सांगून चकित करणं गेलं, माझ्याकडे बघून डोळे मिचकावणं गेलं. मला तो आधीचा मामा जास्त आवडायचा. हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या कार्डात दीनाबाईंनी वेगळंच लिहिलं होतं. कधी कधी झोपेत माझी बोटं चालतात, आणि तेव्हा चाल अगदी बरोबर येते. जागी झाले की जाते. मी मोठ्याने वाचून दाखवलं. मामाने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाला, “लिही.” मी परदेशी पत्राचा निळा कागद काढला. त्यावर त्यांचा पत्ता घातला, मायना लिहिला: ती. दीनाबाईंस, मंदाचा शिरसाष्टांग नमस्कार. “पुढे?” मी म्हणाले. मामा बराच वेळ बाकाच्या लाकडावरून बोट फिरवत राहिला... मग एक गिऱ्हाईक आलं, तो उठला, आणि त्या रविवारी ते तेवढंच राहिलं. पुढच्या रविवारी म्हणाला, थांब, वरची ओळ अंदाजाने लागते का बघतो. तो बघत राहिला. पण आम्ही दोघांनी ती चाल फक्त मोडलेलीच ऐकली होती.

आमची शेवटची भेट सप्टेंबर संपतानाची. नुकतंच या वर्षीचं कार्ड आलं होतं. अक्षर वाकडंतिकडं झालं होतं. डोळ्यांनी कमी दिसतं, पुढच्या वर्षी कदाचित दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्यावं लागेल, असं होतं. मामा म्हणाला, “मंदे, आता लिहायलाच हवं.” मी म्हणाले, “मी कधीपासून तेच म्हणतेय.” तो हसला. “तू म्हणत नाहीस. तू यादीत लिहितेस.” पुढच्या रविवारी नक्की, असं ठरलं. पुढचा रविवार यायच्या आत श्रीकांतचा फोन आला.

तर, रविवार, ८ नोव्हेंबर. काम दुपारपर्यंत आटोपलं. टाळ आणि घुंगरू एका शाळेला दिले, बाक नामा पाटलांनी मागितला, मामीने सरसाचं भांडं ठेवून घेतलं, ते तिला कशाला हवं होतं कुणास ठाऊक. शेवटी मी बाकाखालून सहा कोनांची डबी काढली.

“ही कोनाची?” नामा पाटलांनी विचारलं. “अण्णा आमी आलो की हिच्यावं फडका टाकायचा.”

“दीनाबाईंची,” मी म्हणाले.

“कोण दीनाबाई?” मामी म्हणाली. मग तिला आठवलं. “त्या हलवावाल्या? त्यांची पेटी तर तेव्हाच विकली ना?” या नऊ वर्षांत एका घरात राहूनही तिला माहीत नव्हतं. श्रीकांतने डबी उघडून उलटीसुलटी केली. “ताई, हिला मुंबईत गिऱ्हाईक मिळेल. अशा जुन्या वस्तूंना हल्ली मागणी आहे.” मी म्हणाले, ही विकायची नाही. त्याने का म्हणून विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. मी ती घरी घेऊन आले.

आता ती माझ्या टेबलावर आहे. खालच्या दोन ओळींना मामाच्या चिठ्ठ्या आहेत, त्याच्या त्या न लागणाऱ्या अक्षरात. वरच्या ओळीलाही त्याने चिठ्ठ्या कापून चिकटवून ठेवल्या आहेत. त्या कोऱ्या आहेत. मी एखादं बटण दाबून भाता ओढते, सूर येतो, आणि तो बरोबर की चूक हे मला कळत नाही. हे सगळं सांगायचं होतं शोकसभेतल्या लोकांना, ते इथे लिहिलं. ते तुम्हीही वाचलंत. अनोळखी माणसांसमोर हे लिहून काढायला मला दोन सकाळी पुरल्या. ज्यांना हे पहिल्यांदा कळायला हवं होतं, त्यांना अजून कळलेलं नाही.

मामाच्या मागची कामं मी एका कागदावर लिहिली होती. दुकानमालकाला किल्ली, विजेचा मीटर, मामीचं बँकेतलं खातं, रेशन कार्ड, नामा पाटलांची पेटी परत. सगळ्यांपुढे खुणा झाल्या. निळा कागद डबीखाली आहे, त्यावर पत्ता आहे आणि मायना आहे. पुढचं वाक्य मला माहीत आहे, बाईंच्या बोटांबद्दलचं, मामाने ते शटर ओढताना सांगितलं होतं. यादीच्या शेवटी एक ओळ आहे, दीनाबाई – पत्र. तिच्यापुढे खूण नाही.